रॅलीचा खर्च आणि टपरीचा प्रश्न

तंबाखूमुक्तीच्या कामावरचा पैसा सार्थकी लागतो का, यावर कोल्हापूर परिसरातून आलेले तीन प्रश्न.

गावात तंबाखूविरोधी कामासाठी 40 हजार रुपये बाजूला काढलेत. 31 मेला रॅली आणि व्याख्यान ठेवावं म्हणतो. – सरपंच, कागल तालुका

सरपंच, पैसे काढलेत याचं मनापासून समाधान वाटलं. पण रॅलीला पोरं किती आली हे मोजू नका. सहा महिन्यांनी किती जण तंबाखूपासून लांब आहेत, ते मोजा. डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं नीट समजावलं तर शंभरात एक ते तीन जण जास्तीचे सोडतात, असं धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय. आकडा किरकोळ वाटेल. पण समजा, वर्षभरात हजार जणांना असं समजावलं आणि शंभरी दोनच धरले, तरी वीस माणसं सुटली. सगळे 40 हजार त्यातच गेले तरी माणशी 2 हजार पडले. तोंडाच्या कॅन्सरपायी कुणी म्हैस विकली, कुणी रान गहाण टाकलं, हे गावात विचारून बघा. म्हणून पैसा आशाताईंच्या प्रशिक्षणावर आणि सोडणाऱ्यांच्या पाठपुराव्यावर घाला.

आणि एक. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. शाळेजवळ अशी टपरी असेल तर ती हलवायला पंचायतीला जवळजवळ काहीच खर्च नाही. मी तर सुरुवात तिथूनच करीन.

लोकांनी तंबाखू सोडली तर सरकारचा कर बुडेल, मग यात फायदा कसला? – किराणा दुकानदार, इचलकरंजी

एका अभ्यासानुसार 2017-18 मध्ये तंबाखूच्या आजारांपायी आणि अकाली मृत्यूंपायी देशाचं 1 लाख 77 हजार कोटींहून जास्त नुकसान झालं. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काचे 100 रुपये जमा होतात, तेव्हा समाजाच्या खिशातून 816 जातात, असा त्याच अभ्यासाचा हिशेब आहे. शिवाय कर वाढवला म्हणून तिजोरी आटत नाही. किंमत 10 टक्क्यांनी वाढली की आपल्यासारख्या देशांत खप साधारण 5 टक्क्यांनी उतरतो, म्हणजे वाढीपेक्षा घट कमी. कर वाढवायला वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही, म्हणून सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त. मात्र नुसती सिगारेट महाग करून भागत नाही, माणूस विडीकडे वळतो. महाराष्ट्रात तर 2016-17 च्या पाहणीत धूम्रपान करणारे 3.8 टक्के आणि तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे 24.4 टक्के निघाले. कर पुडीवरही तितकाच कडक हवा.

पाचवा महिना चालू आहे. दाढ दुखते म्हणून सासूबाई मशेरी लावायला सांगतात. – एक वाचक, गडहिंग्लज

ताई, अजिबात लावू नका. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात (2004) मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. गरोदर असल्याचं सांगून दाढ दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनाही कुणीतरी असंच औषध म्हणून लावायला शिकवलं असेल. त्यांची तयारी झाली की 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर दोघी मिळून फोन लावा.