ग्रंथपालाचं म्हणणं बैठकीत पोचावं म्हणून

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालं आहे. पुस्तकं नेणारे वाचक घटत चाललेत, गर्दी असते ती अभ्यासिकेत. कार्यकारी मंडळाला काही सुचवलं की ‘ताई, तुम्ही देवघेव सांभाळा, बाकीचं आम्ही बघतो’ असं उत्तर मिळतं. पगार तुटपुंजा. कॉलेजात जावं का?

उत्तर : ताई, आधी पगाराचं बोलते. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात तो लवकर वाढेल अशी आशा मी दाखवणार नाही. कॉलेजचा विचार पक्का असेल तर एम.लिब.ला यंदाच प्रवेश घ्या. इग्नू या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येतं. कॉलेजच्या ग्रंथपालपदासाठी पदव्युत्तर पदवीला साधारणपणे 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते.

पण मंडळ ऐकत नाही एवढ्यासाठी जाऊ नका. कॉलेजातही ग्रंथालय समिती असतेच.

माझी सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयात गेली. मंडळातली माणसं पुस्तकांवर प्रेम करणारी होती, पण वाचकाशी त्यांची रोज गाठ पडत नसे. ती पडते आपली, काउंटरवर. दाखल नोंदवहीत आलेलं पुस्तक दिसतं, देवघेवीत गेलेलं दिसतं. मागितलं आणि मिळालं नाही, ते कुठेच उमटत नाही. त्याची वही घाला. तारीख, काय मागितलं, मागणारं कोण, एवढे तीनच रकाने. मी अशी वही ठेवली तेव्हा शेळीपालन, शिवणकाम, दहावीनंतरचे कोर्स हे विषय सारखे यायला लागले, आणि आमची कपाटं कादंबऱ्यांनी भरलेली! शेळ्यांच्या रोगांवरचं पुस्तक विचारून एक बाई कितीदा तरी रिकाम्या हाती गेल्या होत्या. कार्यवाहांनी चष्मा लावून ती पानं वाचली आणि त्या वर्षीच्या खरेदीची यादी मला करायला सांगितली.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आपला मुद्दा ‘ऐनवेळच्या विषयां’त कधी मांडू नका, तोवर चहा होऊन मंडळी उठायच्या बेतात असतात. आठवडाभर आधी कार्यवाहांना लेखी द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. मागणी एकच ठेवा, रकमेसकट. अनुदानाचा हप्ता पुष्कळदा मार्चच्या तोंडावर येतो आणि खरेदी घाईत उरकली जाते. त्या दिवशी ज्याच्याकडे तयार यादी असते, त्याचीच पुस्तकं येतात. ती यादी तुमची असू द्या.

अभ्यासिकेतल्या मुलांना परकं धरू नका. त्यांच्यातल्या दोघांना पुस्तक निवडीला बसवा. त्यांच्या आया, बहिणी काय वाचतील तेही विचारा.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीलाच इतके कंटाळले की परत शिकवायला जायला निघाले होते. त्याच वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलं, कामगार, बायका सगळ्यांसाठी चाललेलं काम त्यांनी पाहिलं आणि मग हे काम सोडायचं नावच काढलं नाही. तुम्हीही जवळपासचं एखादं चांगलं चाललेलं वाचनालय दिवसभर बसून पाहा, जमलं तर कार्यवाहांना बरोबर न्या.

वही उद्याच सुरू करा. वार्षिक सभेआधी तिच्यात दाखवण्याजोगं पुष्कळ जमलेलं असेल. कॉलेजचं त्यानंतर ठरवा, एम.लिब.चा अर्ज मात्र थांबवू नका.