रात्री दहानंतर उघडणारा डबा

प्रश्न : सकाळी फक्त चहा, दुपारी एक कडक भाकरी आणि पालेभाजी. सोमवार-गुरुवार उपास. दिवसभर काही वाटत नाही, पण रात्री घरचे झोपले की शेंगा चटणीचा डबा काढते, मग फरसाण, मग मुलांचा बिस्किटपुडा. वजन वाढतंच आहे. मनावर ताबाच नाही का माझा? – गृहिणी, वय ४२, जुळे सोलापूर

उत्तर : ताबा बाजूला ठेवा, आधी दिवसाचा हिशेब बघू. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७० कॅलरी असतात. भाजी आणि दोन-तीन कप चहा धरले तरी संध्याकाळपर्यंत तुमच्या पोटात जेमतेम पाचशे कॅलरी गेलेल्या असतात, आणि प्रथिनं तर नावालाच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराला इंधन कमी पडलं की त्यातल्या भुकेच्या पेशी जाग्या होतात आणि मग तेलकट, गोड, खमंग पदार्थ एरवीपेक्षा जास्त ओढ लावतात. रात्री दहाला कुणालाही उकडलेला दोडका आठवत नाही, शेंगा चटणीच आठवते.

दिवसा त्रास का होत नाही? शरीराच्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी सर्वांत कमी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. सकाळी न खाणं सोपं जातं ते यामुळे. त्याची वसुली रात्री होते. शिवाय जठरातून स्रवणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक रोजच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. रोज दहाला खाल्लं, तर दहाची सवय त्यालाही लागते.

म्हणून रात्रीचं बंद करण्याआधी सकाळचं सुरू करा. नऊच्या आत पन्नास ग्रॅम मूगडाळीची धिरडी (प्रथिनं सुमारे १२ ग्रॅम) आणि वाटीभर दही, किंवा दोन अंडी आणि भाकरी. दुपारी दोन भाकरी, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, कोशिंबीर. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि ताक. रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि ते टाळायचं नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीत जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तूप. त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि दही चालेल. आठवड्यातून दोन उपास निदान महिनाभर थांबवता आले तर उत्तम. देव रागावणार नाही, पण सासूबाईंशी आधी बोलून घ्या.

आता चटणी. शंभर ग्रॅम शेंगा चटणीत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. सपाट चमचाभर म्हणजे दहा ग्रॅम. डब्यातूनच कडक भाकरीच्या तुकड्यावर घेत गेलं की साठ ग्रॅम कधी संपली कळत नाही, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. त्यात कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ती पोटात जागा कमी घेते. तीच चुरून आमटीत भिजवली की फुगते, जठर ताणलं जातं आणि तो ताण व्हेगस नावाची नस मेंदूला कळवते. तेव्हा भाकरी आमटीत, चटणी वाटीत एक चमचा दह्यात कालवून, आणि डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. दोनेक तासांत एरवीपेक्षा खूपच जास्त खाणं, थांबताच न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, तर तो अतिखाण्याचा मानसिक विकार असू शकतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. कडक डाएटने तो बिघडू शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : यंत्रमागावर रात्रपाळी असते. दोन वाजता चहा-भजी लागतातच. सकाळी घरी येऊन चार-पाच तास झोपतो. पोट सुटलंय. – अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, भज्यांपेक्षा झोप महत्त्वाची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. तृप्तीचं संप्रेरक लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि गोड-खारटाची इच्छा बळावली. पाळीआधी पोटभर जेवा. दोन वाजता घरचा डबा: एक भाकरी, उसळ, काकडी. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. घरी आल्यावर थोडं खाऊन झोपा, खिडकीला जाड चादर लावा (सोलापुरात तिची काय कमी!), उन्हाळ्यात कूलर, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. सलग सात तास जमत नसतील तर पाळीवर निघण्याआधी दीड तास आणखी झोपा.

प्रश्न : नऊ किलो उतरवले. आहार तोच ठेवला, तरी चार परत आले. ते नवं इंजेक्शन घेऊ का? – होटगी रोड

उत्तर : वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. चरबी कमी झाल्याने लेप्टिन घटतं. उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला शंभरेक कॅलरींनी वाढते आणि खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, असा अंदाज आहे. भुकेच्या संप्रेरकांमधला हा बदल वर्षभरानंतरही टिकलेला आढळला आहे. म्हणजे ‘तोच आहार’ आता तुमच्या शरीराला जास्त होतोय, आणि भूक वाढल्याने वाढपही नकळत वाढलं असणार. आठवडाभर भाकऱ्या मोजा आणि तेल मापाने वापरा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजनं असा स्नायूंचा व्यायाम जोडा, नुसतं चालणं पुरत नाही.

सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आतड्यातल्या जीएलपी-१ या तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करतात आणि काम करतात, यात शंका नाही. पण ती साधारण बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० किंवा त्याहून जास्त, किंवा २७ वा त्याहून जास्त आणि सोबत रक्तदाब-मधुमेहासारखा आजार असेल तर देतात. थायरॉईडच्या ‘मेड्युलरी’ या प्रकारच्या कर्करोगाचा तुम्हाला किंवा घरात इतिहास असेल तर ती घेऊ नयेत, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हा डॉक्टरांना खर्चाबरोबर हेही विचारा, की किती वर्षं घ्यायचं आणि थांबवताना काय करायचं. मेडिकलवाल्याच्या ओळखीने, चिठ्ठीशिवाय मिळतंय म्हणून घेऊ नका.