कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं मूल घेऊन परदेशी जाताय? आधी मॅपिंगचं बघा

ताई, तुमचा मुलगा तीन वर्षांचा, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) पहिल्यांदा चालू करून, म्हणजे स्विच ऑन होऊन आठ महिने झालेत, दोन महिन्यांनी शिफ्ट होताय आणि विचारताय की मॅपिंग (इम्प्लांटच्या लेव्हल्स मुलाला जुळतील अशा लावणं) करून निघावं की पोचल्यावर करावं. दोन्ही करा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजवरच्या सगळ्या मॅपचा रेकॉर्ड सोबत घ्या, नुसता शेवटचा मॅप नको. आम्हीही लेकीच्या इम्प्लांटनंतरच इकडे आलो म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या महिन्यांत कानातल्या इलेक्ट्रोडभोवती (नर्व्हला सिग्नल देणाऱ्या टोकांभोवती) टिश्यू तयार होतो, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो, शिवाय मुलाला आवाजाची सवय होत जाते, त्यामुळे लेव्हल्स सारख्या बदलाव्या लागतात. मोठा माणूस सांगतो की हे ऐकू आलं, हे जास्त होतंय. लहान मूल सांगू शकत नाही, मग ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) एनआरटीसारख्या टेस्ट, कानाचा रिफ्लेक्स आणि खेळातला रिस्पॉन्स असं सगळं जुळवून मॅप बनवतात. एनआरटीमध्ये नर्व्ह रिस्पॉन्स देते एवढं कळतं, पण मुलाला किती आवाज सोसतो हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. आता समजा एखादा इलेक्ट्रोड चालू केला की चेहरा फडफडतो म्हणून तो बंद ठेवलाय. नवीन ऑडिओलॉजिस्टने प्रोसेसर (बाहेरून लावायचं यंत्र) कॉम्प्युटरला जोडला की मॅप दिसेल, पण तो का बंद आहे ते कुठून कळणार? त्यांनी चालू केला की मूल कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) काढून फेकणार. म्हणून एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि कारणांसकट लेखी रिपोर्ट दोन्ही मागा. तुमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर तिकडच्या क्लिनिकमध्ये आहे का तेही आधीच विचारा, कारण कस्टम साउंड, मॅएस्ट्रो, टार्गेट सीआय ही वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, एकाची फाइल दुसऱ्यात चालत नाही आणि लेव्हलचे आकडेही एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

निघायच्या आदल्या आठवड्यात मॅप बदलू नका. महिनाभर आधी करा म्हणजे काही बिनसलं तर परत जाता येईल, आणि जुना मॅप प्रोसेसरच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवून घ्या.

तिकडच्या पहिल्या सेशनला तुम्ही स्वतः आत बसा. आवाज आला की ठोकळा टाकायचा हा खेळ घरीच पक्का करून न्या आणि सूचना मराठीतूनच द्या, अनोळखी भाषेत पोरगं नुसतं बघत बसेल. ते दमलेलं, बावरलेलं असेल तर त्या दिवशीच्या रिस्पॉन्सवर मोठे बदल करू देऊ नका, दुसरी वेळ मागा.

रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज ओठ न दाखवता, कधी जवळून कधी लांबून म्हणून बघा आणि लिहून ठेवा. अचानक स ऐकू येईनासा झाला तर लगेच मॅपला दोष देऊ नका, आधी माइकचं कव्हर, केबल, कॉइल तपासा.

तिकडे कोणीतरी सांगेलच की आता घरात इंग्लिशच बोला. ऐकू नका. तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यातच तुम्ही दिवसभर गप्पा, गोष्टी, गाणी करू शकता आणि त्या मुलाला नेमकं तेच भरपूर मिळायला हवंय.

आणि बॅकअप प्रोसेसर असेल तर त्यात ताजा मॅप टाकून घ्या, बऱ्याचदा त्यात जुनाच राहिलेला असतो. तो हँडबॅगेतच ठेवा, जादा केबल, कॉइल आणि बॅटऱ्यांसोबत.