पहिला लाकडी हातोडा: एवढं सांभाळा

सुतारकाम शिकताना पहिलं हत्यार म्हणून लाकडी हातोडा स्वतः बनवणार असाल, तर उत्तम. लोखंडी हातोड्याने पटाशीची (लाकूड कोरायच्या धारदार हत्याराची) लाकडी मूठ फुटते, त्यामुळे हा रोज लागेल.

डोक्याला बाभूळ किंवा शिसव घ्या. साग मार खाऊन लवकर चेंबतो. तुकडा पूर्ण वाळलेला हवा. ओलं लाकूड इंदूरच्या मे महिन्यात आक्रसतं आणि टोकांना तडकतं.

डोकं १२५ × ८५ × ६५ मिमी, रेषे (लाकडाचे तंतू) लांबीच्या दिशेने. दांडा ३२५ मिमी लांब, २२ मिमी जाड, रेषे सरळ. तिरके असले तर मोडतो.

खरी गोम भोकात आहे. ते ८५ मिमी उंचीतून आरपार जातं: खालून ३५ × २२, वरून ४१ × २२ मिमी. दांड्याचं वरचं टोक तसंच रुंद ठेवून तो वरून खाली घालायचा. मग प्रत्येक घावाला डोकं घट्टच बसतं, निसटून उडत नाही.

नवखे इथे चुकतात:
- भोक एकाच बाजूने पाडतात; दुसरीकडे कपचा उडतो. दोन्ही बाजूंना गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून सुरीने आखा, निम्मं निम्मं कोरा.
- दांडा आधी करतात. आधी भोक, मग त्याच्या मापाने दांडा हलके हलके रंधून बसवा.
- सरस लावतात. नको! उन्हाळ्यात सैल झाला तर वरून ठोकला की पुरे.

मारायच्या बाजू पहिल्या खेपेला सरळच ठेवा, उतार पुढच्या हातोड्याला द्या. दांड्याला पॉलिश नको, घामाने घसरतो.