हायवेवर एसी छान गार, पण सिग्नलला गाडी थांबली की कोमट हवा येते. गॅस भरून घ्यावा का?

गॅस लगेच भरू नका, आधी कंडेन्सरचा पंखा तपासा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि गॅसमधली उष्णता बाहेर टाकतो. गाडी पळताना त्याला समोरून वारा मिळतो, उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. पंखा थोड्या वेळात फिरायला हवा (हात लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो). फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग मोटर बघायची. फिरत असेल तर इंजिन थंड झाल्यावर कंडेन्सरवरची धूळ, किडे हलक्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने कंडेन्सरच्या बारीक पात्या वाकतात. पळत्या गाडीतही गारवा कमी असेल, तर मात्र गॅस कमी झालेला असू शकतो. तेव्हाही भरण्याआधी गळती शोधून घ्याच.