नव्या वस्तऱ्याला धार लावूनही दाढी ओढून होते. दोष वस्तऱ्याचा की धारेचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलिंगेनचा पाच-अष्टमांश इंच रुंदीचा नवा वस्तरा घेतला, 1000, 4000 आणि 8000 क्रमांकाच्या दगडांवर (क्रमांक जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक) त्याला धार लावली, हातावरचे केस सहज उडतात, तरी गालावर वस्तरा ओढतो आणि जबड्याखाली आग होते; नाशिकमध्ये धार लावून देणारे कोणी सापडत नाही, तेव्हा 12000 चा दगड घ्यावा की वस्तरा परत करावा. माझ्या मते सध्या यांपैकी काहीच करू नये. हातावरचे केस तर 1000 च्या दगडावरून उतरलेले पातेही उडवते, त्यामुळे त्या परीक्षेवरून पुढच्या दोन दगडांनी काही काम केले की नाही हे कळतच नाही.

प्रथम दोष हाताचा की धारेचा, हे वेगळे करावे. त्याची सर्वांत स्वस्त सोय आपल्याच शहरात आहे. रामकुंडावर मुंडन करणाऱ्यांपासून कॉलेज रोडवरच्या सलूनपर्यंत आता बहुतेक सगळीकडे ब्लेड मोडून अर्धे बसवण्याचा वस्तरा वापरतात. म्हणूनच आपल्याला धारेचे दगड बाळगणारा न्हावी सापडत नाही. तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा भद्रकालीच्या बाजारात किंवा सलूनचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. कारखान्यातून आलेल्या ब्लेडची धार दर वेळी सारखीच असते, म्हणून ती मोजमापाची पट्टी म्हणून वापरता येते. एकाच दाढीत, एकाच फेसात, एक गाल त्याने करावा आणि दुसरा आपल्या वस्तऱ्याने. जबड्याखालची आग दोन्हीकडे झाली तर ती हाताची आहे: पाते त्वचेशी साधारण तीस अंशांपेक्षा जास्त उभे धरले जात असावे किंवा त्वचा नीट ताणली जात नसावी. ब्लेडचा गाल स्वच्छ आणि आपल्या वस्तऱ्याचा गाल ओढलेला, असे झाले तरच धारेकडे वळावे. मुठीकडच्या अर्ध्या भागाने केस नीट जातात आणि पुढच्या टोकाकडे अडतात, असेही पुष्कळदा आढळते. तसे झाल्यास ते टिपून ठेवावे, कारण दोषाची जागाच त्यातून कळते.

आता वस्तऱ्याची पारख. हे काम खरे तर दगडाला पाते लावण्याआधी करायचे असते, कारण एकदा पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या जाड कडेवर, दगडाच्या खुणा उमटल्या की विक्रेता वस्तरा परत घेत नाही. आपल्या बाबतीत ती वेळ निघून गेली असली तरी मोजमापे अजूनही उपयोगाची आहेत. वस्तऱ्याची रचना अशी असते की दगडावर तो आडवा टेकवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, म्हणजे धारेचा कोन आपला हात ठरवत नाही, पाठीची जाडी ठरवते. व्हर्निअर घेऊन पाठ जिथे दगडाला टेकते तिथली जाडी आणि तिथून धारेपर्यंतची रुंदी मोजावी. रुंदी 16 मिलिमीटर आणि जाडी 4.6 मिलिमीटर असेल तर कोन सुमारे साडेसोळा अंश येतो, आणि तो उत्तम. जाडी 4 मिलिमीटरच असेल तर कोन साडेचौदाच्या आसपास उतरतो आणि इतकी बारीक धार दाढी करतानाच तुटू लागते, 5.5 असेल तर तो वीस अंशांजवळ जातो आणि धार कितीही घासली तरी बोथटच वाटते. कोन कमी पडत असेल तर पाठीवर विजेच्या कामाच्या चिकटपट्टीचा एक थर लावून तो साधारण एक अंशाने वाढवता येतो. जास्त असेल तर पाठ घासून कमी करण्याच्या फंदात नवशिक्याने पडू नये. ही जाडी मुठीकडे, मध्ये आणि टोकाकडे अशी तीन ठिकाणी मोजावी. फरक मोठा असेल तर वस्तरा सदोष आहे, मग त्यावर नाव कोणाचेही असो. ‘सोलिंगेन’ हे नाव जर्मनीत 1938 पासून कायद्याने संरक्षित आहे, पण ते माल कुठे आणि कोणत्या रीतीने घडवला याचे संरक्षण आहे, प्रत्येक पाते सरळ असल्याची हमी नव्हे.

माझी नोकरी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये झाली, त्यामुळे कडकपणा तपासून घ्या असा सल्ला कोणी देईल तर सांगून ठेवतो: रॉकवेल यंत्राची सुई पात्यावर टेकवली तर पाते जाईल, आणि मुठीजवळच्या जाड दांड्यावर टेकवली तर मिळणारा आकडा धारेविषयी काहीच सांगणार नाही, कारण दांडा पात्याइतका कडक केलेला असेलच असे नाही. तो खर्च करू नये.

पाते सरळ आहे की नाही यासाठी शाईच्या मार्करने धारेवर आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी रेघ ओढावी, 8000 च्या दगडावर अगदी हलके दोन-तीन हात फिरवावे आणि शाई कुठे उरली ते पाहावे. एका बाजूला मधली शाई उरली आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांची, तर पाते किंचित वाकडे आहे. थोडा वाक नव्या वस्तऱ्यांतही असतो आणि पाते दगडावर तिरके, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेले की तो सांभाळून घेता येतो. फक्त मुठीकडची शाई उरत असेल तर मुठीजवळचा पात्याचा जाड उंचवटा दगडावर चढत असतो आणि धारेला उचलून धरतो. तेव्हा तो दगडाच्या कडेबाहेर ठेवूनच हात चालवावा. पण या परीक्षेला अर्थ यायचा तर दगड सपाट हवा. दगडावर पेन्सिलीने जाळी आखावी, जाड काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घासावा, आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबू नये. नवा दगड सपाटच असतो असे गृहीत धरू नये.

यापुढचे सगळे 1000 च्या दगडावर ठरते, आणि माझ्या अंदाजाने आपली अडचणही तिथेच आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंचे बारीक उतार एकमेकांना संपूर्ण लांबीभर मिळाल्याशिवाय पुढच्या दगडावर जाणे म्हणजे न मिळालेल्या कडेला चकाकी देणे. ते मिळाले की नाही, हे तपासण्यासाठी वीस-तीस पटीचे भिंग आणि दिवा पुरे. धार डोळ्यासमोर सरळ वर करून धरावी आणि दिव्याखाली हळूहळू फिरवावी. जिथे प्रकाशाची बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे अजून बोथट सपाटी शिल्लक आहे, कारण खऱ्या धारेवरून प्रकाश परत येत नाही. दगडावरचे पाणीही सांगते: उतार मिळाले की पाण्याचा पातळ थर धारेपुढे ढकलला जाण्याऐवजी पात्यावर चढतो. अंगठ्याच्या ओल्या नखावर धार ओढून पाहण्याची जुनी रीत फक्त याच टप्प्यावर वापरावी, पुढे तीच धार खराब करते. टोक, मध्य आणि मुठीकडचा भाग यांची तपासणी वेगवेगळी करावी, आणि एकही भाग नापास झाला तर तिथेच थांबून काम करावे. सुरुवातीला बोटाचा हलका दाब चालतो, पण पोटाला खोल कोरलेले पातळ पाते दाबाने वाकते आणि धार दगडावर भलत्याच ठिकाणी टेकते, म्हणून शेवटचे हात केवळ वस्तऱ्याच्या वजनाने व्हावेत.

पुढच्या दोन दगडांचे काम त्यामानाने साधे आहे: आधीच्या दगडाचे ओरखडे जाईपर्यंत हलके, समान हात, आणि कडेला वळताना नेहमी पाठीवरून वळणे. जपानी प्रमाणात 8000 च्या दगडाचा कण सुमारे सव्वा मायक्रॉनचा असतो आणि त्यावरून आलेली धार दाढीला पुरते. 12000 ने ती गुळगुळीत होईल, पण निर्माण होणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

नंतर पट्टा, म्हणजे दगडानंतर धार साफ करण्याची कापडाची आणि चामड्याची पट्टी. कापडी बाजूवर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास-साठ वेळा, पाठ पुढे आणि धार मागे अशी, पट्टा ताणून धरून. पट्टा सैल राहिला तर धार गोलावते आणि दगडावर मिळवलेले सगळे इथे जाते. लोंबता केस कापून पाहण्याची परीक्षा पुष्कळांना आवडते. मला ती फक्त एकाच पात्याच्या निरनिराळ्या भागांची तुलना करायला उपयोगी वाटते, कारण केसाची जाडी माणसागणिक बदलते आणि दोन वस्तऱ्यांची तुलना त्यावरून होत नाही. अखेरचा निकाल दाढीचाच, आणि तोही एका दिवसाच्या दाढीवर केसांच्या दिशेने आणि नंतर उलट, अशा दोन फेऱ्यांचा. पहिली फेरी छान आणि दुसरीत अचानक खरखर, असे झाले तर धारेवर तारेसारखी पातळ कड उरली होती आणि ती मोडली, असे समजावे. पट्ट्याने ते सुधारत नाही, 8000 वर अगदी हलके हात पुन्हा द्यावे लागतात.

एक काम मात्र मुळीच करू नये. सायकलला चाक लावून गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्याकडे हा वस्तरा देऊ नये. विळी आणि कात्रीसाठी त्यांचा हात उत्तम असतो, पण सुके फिरते चाक या पातळ कडेला क्षणात तापवते. वस्तऱ्याचे पोलाद दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी उतरवलेले, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तितकेच तापवून ठिसूळपणा काढलेले असते. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे तिथले तापमान सुमारे तीनशेपर्यंत गेले आणि कडकपणा गेला, आणि तो दगडाने परत येत नाही.

पावसाळ्यात नाशिकच्या हवेत साध्या कार्बन पोलादाला एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. दाढीनंतर पाते कोरड्या कापडाने पुसून, पट्ट्यावर दोन-चार हात फिरवून, धारेवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पसरवावा आणि वस्तरा न्हाणीघरात न ठेवता बाहेरच्या कपाटात ठेवावा.