पाचट पेटवायचं नाही, दुकानदाराचं ऐकायचं नाही

प्रश्न (वाळवा आणि मिरज तालुक्यांतून): पाऊस ओढला की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) लगेच माना टाकतो, पाणी साचलं की पिवळा पडतो. शेजारी तीच जात, तेच पाणी, पण त्याचा ऊस सावरतो. दुकानदार म्हणतो, युरियाचं एक पोतं वाढवा, जोडीला जिप्सम टाका. काय करावं?

उत्तर: शेजाऱ्याला विचारा, तो पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेली वाळकी पानं, पेटवतो का. बहुतेक नसणारच. ताण बसल्यावर ऊस उभा राहतो तो कुजलेल्या पाचटातून जमिनीत येणाऱ्या सेंद्रिय कर्बावर, जिवाणूंवर, पांढऱ्या मुळीवर. हे संपलेलं रान चांगल्या साली टनेज देतं आणि एका वाईट सालात बसतं. दरवर्षी डोस वाढवून तेवढंच टनेज निघत असेल, तर रान खालावतंय हे ओळखा.

जिप्सम फक्त चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीला, सामू (pH) ८.५ च्या वर असेल तर. नुसत्या क्षारपड (मीठ फुटलेल्या) रानात ते पैसे वाया. तिथे आधी निचरा करा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा. माती परीक्षणाचा कागद न बघता पोती देणाऱ्याचं ऐकू नका.

युरियाचंही तेच. खोडव्याला नत्र एकरी १०० किलो, म्हणजे जेमतेम पाच पोती. वरचं पोतं ऊस लोळवतं आणि कीड बोलावतं. निम्मा हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत, निम्मा १३० ते १३५ दिवसांनी, पहारीने, बुडख्यापासून अर्धा फूट लांब. साचलेल्या पाण्यात युरिया फेकू नका! पिवळा दिसला तरी नाही. आधी पाणी काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या.

आता पाचट. एकरी तीन-चार टन निघतं, आणि लोक ते काडी लावून मोकळे होतात. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. हा युरिया पाचट कुजायला आहे, उसाच्या हिशोबात धरू नका. 'पाचटानं हुमणी (मुळं खाणारी अळी) होते, फोरेट टाका' हे दुकानात हमखास ऐकाल. फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, काउंटरखालून दिलं तरी घेऊ नका. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, तेव्हाच गावानं मिळून गोळा करून मारा. एकट्यानं करून भागत नाही.

१५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका. खोडवा मोडला की ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं पेरा, फुलोऱ्यात जमिनीत गाडा. पुन्हा लगेच ऊस नको.

ठिबकचं अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी संच घेतला तर मिळत नाही.

ऊसतोड टोळीच्या मुकादमाला तोडणीआधीच बजावा: बुडखे उंच ठेवायचे नाहीत, फडात काडी लावायची नाही.